ताईचा फोन माझ्या कानात

आमच्या घरात सगळ्यांचं म्हणणं आहे की मला कमी ऐकू येतं. मी तरी असं काही ऐकलेलं नाही.

माझी बाजू आधी सांगून टाकतो. मी आर्वीला कापसाच्या बाजारात तीस वर्षं नोकरी केली. काम काय, तर लिलावाच्या वेळी बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या गर्दीत उभं राहून भाव पुकारायचे. माइक बिघडला की (आणि ऐन हंगामात तो हमखास बिघडायचा) साहेब म्हणायचे, "प्रभाकरभाऊ, व्हा तुम्हीच माइक!" आणि मी व्हायचो. असा माणूस रिटायर होऊन घरी बसला, तर तो "चहा टाक" हेसुद्धा चार एकरांपर्यंत पोचेल असंच म्हणणार की नाही? त्यात मला गाण्याचा नाद. मोबाइल छातीवर ठेवायचा, आवाज पूर्ण वर न्यायचा, जुनी गाणी लावायची आणि गाणाऱ्याच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा, हा माझा दुपारचा कार्यक्रम. गल्लीतल्या कुणाचं त्याबद्दल काय मत होतं ते मला माहीत नाही. मला ऐकू आलं नाही.

तर गेल्या मार्चमध्ये आमचा मुलगा निखिल नागपूरहून आला आणि त्यानं माझ्या हातात एक खोकं ठेवलं.

"हे काय आहे बे?"

"हेडफोन आहे बाबा. कानाले लावायचा. तुम्ही ऐका गाणे. गल्लीनं नाई ऐकले तरी चालते."

मी खोकं उलटंपालटं केलं, तळाचा पुठ्ठा उचकटून पाहिला. "वायर टाकाले विसरला रे दुकानदार."

"वायरलेस आहे, बाबा."

"म्हणजे वायर वेगळी घ्या लागते?"

निखिल थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिला. (त्याच्या आईची सवय.) मग त्यानं माझा फोन घेतला, कुठेकुठे बोटं लावली आणि हेडफोन जोडून दिला. "आईच्याही फोनले जोडून ठेवतो," तो म्हणाला. "दोन फोन एकाच वेळी चालतात याले. तिलेही कधी ऐकावंसं वाटलं तं ऐकता येईन."

हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं. मी तेव्हा चष्म्याच्या काड्या आणि हेडफोनच्या गाद्या एकाच कानावर कशा बसवाव्या या विवंचनेत होतो. तो कानात घुसणारा प्रकार नव्हता, कानावर टेकून बसणारा होता. आता माझे कान निसर्गानं सढळ हातानं दिलेले. दोन्ही गाद्यांच्या बाहेर कानांच्या पाळ्या चहूबाजूंनी अशा डोकावत होत्या, की नलिनी, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "विमान चालवाले निघाले का वो?"

मी बटण दाबलं. कानात एक बाई म्हणाली, "पॉवर ऑन!"

"कोण?" मी दचकून विचारलं.

"कनेक्टेड!" बाई गोड आवाजात म्हणाली.

"नलू, याच्यात बाई आहे!"

"असू द्या. तिले म्हणा, भांडे पडले आहेत सकाळचे."

पण मग गाणं सुरू झालं, आणि खरं सांगतो, मी गप्पच झालो. पन्नास वर्षं ऐकलेलं गाणं, पण त्यात मागे एक बासरी आहे हे मला त्या दिवशी कळलं. आजपर्यंत ती बिचारी माझ्या आवाजाखाली दबून गेलेली! नलिनी नंतर म्हणाली की मी पूर्ण गाणं संपेपर्यंत तोंड उघडलं नाही, आणि लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडलं.

शांतता तेवढीच. कारण कान झाकले की माणसाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, आणि तो कळत नकळत मोठ्यानं बोलतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी हेडफोन लावून जेवायला बसलो होतो. शेजारच्या वानखडेबाईंनी बेसनाच्या पाटोडीची वाटी पाठवली होती. मी एक तुकडा मोडायचा प्रयत्न केला, मोडला नाही, म्हणून नलिनीच्या कानाशी वाकून अगदी हळूच म्हणालो, "हे पाटोडी आहे का पाटी?"

नलिनीनं डोळ्यांनी दाराकडे खूण केली. मी मागे वळून पाहिलं. वानखडेबाई दारातच उभ्या होत्या. वाटी त्यांनी पाठवली नव्हती, स्वतः घेऊन आल्या होत्या, आणि रिकाम्या वाटीसाठी थांबल्या होत्या. त्यांच्या मागे अंगणात वानखडे. वानखडेंच्या मागे, रस्त्यावर, सायकलवर एक पाय टेकवून थांबलेला कोणी एक अनोळखी गृहस्थ. तो तर फक्त माझा आवाज ऐकून थांबला होता.

तिसऱ्या दिवशी फोन घेण्याचा सराव केला. निखिलचा फोन आला तेव्हा मी कोपऱ्यावरच्या पानठेल्याजवळ उभा होतो. मोबाइल खिशात, हेडफोनवर मफलर (उन्हात गाद्या तापतात म्हणून), आणि मी बोलतोय.

"काय म्हणतो रे? बरा आहे ना?"

"बरा आहे भाऊ," पानठेलेवाला म्हणाला.

"जेवला का?"

"अजून नाई. डबा येते एक वाजता."

"तुह्या आईचं काही ऐकत जाऊ नको तू!"

पानठेलेवाल्यानं चुना लावता लावता हात थांबवला. त्याची आई तीन महिन्यांपूर्वी वारली होती, हे मला माहीत होतं. मी तिच्या तेरवीला जेवून आलो होतो. पुढे मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं, खिशातून फोन काढून दाखवला, मफलर सोडून हेडफोन दाखवला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो भाऊ. पण घरी जाऊन थोडा आराम करा."

मी आराम केला, आणि खरा घोटाळा आराम करतानाच झाला.

चौथा दिवस. दुपारचे तीन. मी दिवाणावर आडवा, हेडफोन कानावर, डोळे मिटलेले. बासरी ऐन रंगात आली होती. एकदम गाणं थांबलं. रिंग जायला लागली. मी कुणालाच फोन लावलेला नव्हता! तेवढ्यात रिंग थांबली आणि माझ्या दोन्ही कानांच्या बरोबर मधोमध, टाळूच्या खाली, एक आवाज बोलला,

"हां नलू. जेवली का व? झोपला का तो रेडा?"

मी ताडकन उठून बसलो. आवाज कुसुमताईचा होता. (रेडा मी.)

कुसुमताई माझी मोठी बहीण. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, पुलगावला असते. इथून बसनं तासाभराचं अंतर. आणि आम्ही चार वर्षं एकमेकांशी बोललेलो नव्हतो.

कारण सांगायला लाज वाटते, पण इथवर आलोय तर सांगतो. तिच्या मुलाचं, अमोलचं लग्न होतं. आमचे भाऊजी आधीच गेलेले, त्यामुळे मामा म्हणून सगळा मान माझा. मी स्वतः मंगलाष्टकं रचली होती. सात कडवी. मे महिना, भर दुपार, पत्र्याचं छत. चौथ्या कडव्यापर्यंत आलो तेव्हा पाहुण्यांच्या घामेजल्या मुठीत अक्षतांचा भात व्हायची वेळ आली होती, असं म्हणतात. मी पाचवं सुरू केलं आणि माइक बंद पडला. मला काय त्याचं! मी झालो माइक. तशी ताई तरातरा पुढे आली, माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि भटजींना म्हणाली, "तदेव लग्नं म्हणा अन् आटपा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या नवरा-नवरीसाठी होत्या असं मी अजूनही मानतो. माइकही तिनंच बंद करायला लावला होता, हे मला मांडववाल्यानं सांगितलं. मी तसाच, न जेवता, बसस्टँडवर निघून आलो. नवरदेवाचा मामा, न जेवता! त्यानंतर तिनं फोन केला नाही आणि मीही केला नाही.

आणि आता ती माझ्या डोक्यात बोलत होती.

झालं होतं असं. नलिनीनं स्वयंपाकघरातून आपल्या फोनवरून ताईला फोन लावला. हेडफोन तिच्याही फोनला जोडलेला, त्यामुळे ताईचा आवाज नलिनीच्या फोनमधून न येता थेट माझ्या कानात उतरला. नलिनीला काहीच ऐकू येईना. "रेंज नाई वाटते," असं पुटपुटत तिनं फोन ओट्यावर ठेवला आणि गच्चीवर सांडगे पालटवायला गेली. फोन बंद करायचा असतो हे ती मानत नाही. समोरच्यानं बंद करावा, आपण करणं बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

"ऐकून राह्यली ना?" ताई म्हणाली.

"हूं," मी म्हणालो.

का म्हणालो, देव जाणे. हेडफोन कानावरून काढायला एक सेकंद लागतो. मी हात वर नेलाही होता.

"आवाज काऊन असा येऊन राह्यला? सर्दी झाली का तुले?"

"हूं."

"सुंठ घे. त्याचं बीपी कसं आहे?"

"हूं."

"हूं काय व? वाढलं का कमी झालं?"

आता हूं पुरेना. मी आवाज जमेल तितका बारीक केला, नलिनीसारखा हेल काढला आणि म्हणालो, "बरं आहे." जो आवाज निघाला तो दारात पाय अडकलेल्या बोकडाचा होता.

"अगं माय! घसा तं पूर्णच बसला तुहा," ताई घाबरून म्हणाली. "बोलू नको तू. नुसती ऐक."

मी नुसतं ऐकलं.

"उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे माह्यं. वर्ध्याले. तुले आधी सांगतलं नाई, म्हटलं उगीच जीवाले घोर लावून घेशीन. मोतीबिंदू आहे. सगळे म्हणतात काही नसते त्यात, सकाळी जाचं अन् दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी याचं. पण मले भेव वाटते, नलू. अमोलले सुट्टी नाई भेटली, तो परवा येते. शेजारची मंदा येतो म्हणे सोबत. फारमावर सही कराले घरचं माणूस लागते, तं मी मंदाले म्हटलं, बहीण आहो म्हणून सांगून दे."

तिच्याकडे पंखा करकरत होता, तोही मला ऐकू येत होता.

"आज बसल्या बसल्या परभ्याची लय आठवण आली. लहानपणी गोवर आलता त्याले. अंधाऱ्या खोलीत ठेवलता. एवढुसा पोट्टा, भेऊन राह्यला होता. मले आत जाऊ देत नव्हते. मंग मी दाराच्या बाहेर बसून दिवसभर गाणे म्हणत होती, अन् तो आतून म्हणे. तिथून त्याले नाद लागला गाण्याचा. म्हणजे माह्यानंच लागला. अन् मीच त्याचा माइक बंद केला, पाह्य."

मी दिवाणाची चादर मुठीत धरून बसलो होतो.

"काय करू मंग? अमोल दोन दिवसापासून तापात होता. तोंडात घास नाई. चौथ्या कडव्यात डुलाले लागला, पाचव्यात पडलाच असता पोरीच्या अंगावर. हे सांगाचं होतं परभ्याले. पण तो तं निघूनच गेला. त्याचं ताट मी दिवस बुडेपर्यंत झाकून ठेवलं होतं, नलू. म्हटलं, राग उतरला की येईन."

मग नाक ओढल्याचा आवाज.

"त्याले सांगजो नको ऑपरेशनचं. धावत येईन तो. अन् मंग मी रडीन. डॉक्टरनं सांगतलं आहे, डोळ्याले पाणी येऊ देऊ नका."

आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. कान झाकलेले, आणि तीस वर्षांची सवय! भर लिलावात शेवटचा भाव पुकारावा तसा मी ओरडलो,

"कोणता डोळा?"

पलीकडे एक भांडं पडलं. बराच वेळ ते फरशीवर फिरत राहिलं.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"परभ्या."

"नलू कुठी आहे?"

"गच्चीवर. सांडगे पालटवून राह्यली."

"म्हणजे मघापासून..."

"हूं," मी म्हणालो, आणि हे माझं स्वतःचं हूं होतं.

"असं!" ताईचा आवाज एकदम वर गेला. "म्हणजे दोघं नवरा-बायको मिळून ऐकत होते माह्यं! किती दिवसापासून चालू आहे हे? अन् मी येडी, त्या नलूले माह्यी समजून मनातलं सगळं सांगून राह्यली!"

फोन बंद झाला. आणि हेडफोनमध्ये थांबलेलं गाणं, जिथून तुटलं होतं तिथून, मोठ्या आनंदात पुन्हा सुरू झालं.

नलिनी गच्चीवरून आली तेव्हा मी कानावर हेडफोन लावून ढसाढसा रडत होतो. तिनं सांडग्यांची ताटली खाली ठेवली. "कोणतं गाणं आहे वो? एवढं रडू येते तं दुसरं लावा न."

मी सांगितलं. सगळं. हूंसकट.

तिनं आधी फोन उचलून ताईला लावला. तीनदा लावला. ताईनं घेतला नाही. मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी हळू आवाजात बोलली. नलिनी ओरडली तर मी घाबरत नाही, हळू बोलली की माझे पाय गार पडतात.

"चार वर्षं मी दुपारची झोपली नाई," ती म्हणाली. "तुम्ही घोरत होते तेव्हा मी ताईसोबत बोलत होती. तुमचा दात काढला, तुमचं रिटायर होणं, सगळं सांगत होती मी त्यायले. तुम्ही नाव काढू देत नव्हते घरात. कोणी तरी सांगाले पाहिजे होतं ना? अन् आता त्या म्हणतात, नलूनं धोका देला. तुमच्या एका हूंसाठी!"

"पण तू मले कधी..."

"दिवाळीचे अनारसे कोणी केले होते?"

"तू."

"मी? माह्ये अनारसे जमले कधी आजपर्यंत? ताईनं पाठवले होते, बसवाल्याच्या हातानं. दरवर्षी पाठवतात. अन् तुम्ही काय म्हटलं होतं खाताना? 'नलू, यंदा अगदी ताईसारखे झाले.'"

मला आठवलं. मी असं म्हणालो होतो आणि ती पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेली होती. तिला कौतुक सोसलं नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"पिशवी भर," मी म्हणालो. "साडेपाचची गाडी आहे पुलगावची."

"ताई दारात उभं करणार नाई तुम्हाले."

"दारातच बोलतो मंग. माहा आवाज पोचते आत."

बसमध्ये नलिनीनं मधल्या जागेवर पिशवी ठेवली आणि खिडकीबाहेर तुरीच्या वाळलेल्या काड्या पाहत बसली. मी हेडफोन गळ्यात अडकवून घेतला होता. पुरावा म्हणून! माझी योजना अशी, की ताईच्या कानावर हा चढवायचा, नलिनीच्या फोनवरून कुणाला तरी फोन लावायचा, आणि सिद्ध करून द्यायचं की यात नलिनीचा काडीचा दोष नाही. तासभर मी मनातल्या मनात भाषण घोकत होतो.

पुलगावला ताईच्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. दार उघडंच होतं. ताई ओसरीत खुर्चीवर बसून डोळ्यांत थेंब टाकून घेत होती, मंदा थेंब टाकत होती. माझी चाहूल लागली तशी ताईनं डोळे बारीक करून दारातल्या आकृतीकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग गळ्यातल्या हेडफोनकडे. आणि लगबगीनं पदर सावरत उठली.

"अगं मंदा, खुर्ची दे! डॉक्टरसाहेब घरी आले!"

मंदा गोंधळली. आणि मला, खोटं कशाला सांगू, क्षणभर पुन्हा वाटून गेलं, की हूं म्हणावं, नाडी पाहावी आणि निघून जावं.

"ताई," मी म्हणालो, "मी आहो. परभ्या."

ती तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी हेडफोन काढला. "हे पाह्य, नलूचा काही दोष नाई. हे यंत्र तिच्या फोनलेही जोडलेलं आहे. मी तुले करूनच दाखवतो." मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आतली बाई अगदी खोल विहिरीतून बोलल्यासारखी "बॅटरी लो" म्हणाली आणि कायमची गेली. चार दिवसांत मी त्याला एकदाही चार्ज केलेलं नव्हतं. चार्ज करावं लागतं हेच मला माहीत नव्हतं! वायरलेस म्हणाला होता ना पोट्टा!

पुराव्याशिवाय उरलो मी, माझा आवाज, आणि भिंतीकडे तोंड केलेली बहीण. घोकलेल्या भाषणातला एक शब्द आठवेना.

"नलूले काहीच माहीत नव्हतं," मी म्हणालो. "मी एकटाच ऐकत होतो. काढाले पाहिजे होतं कानावरून. नाई काढलं."

"काऊन नाई काढलं?" भिंतीकडे पाहतच ताईनं विचारलं.

"तुहा आवाज होता म्हणून."

नलिनीनं पिशवी खाली ठेवली. मंदा हातातल्या थेंबांच्या बाटलीचं झाकण लावत होती आणि ते काही केल्या लागत नव्हतं.

"उजवा," ताई म्हणाली.

"काय?"

"उजवा डोळा. तूच विचारत होता ना मघाशी, अख्ख्या पुलगावले ऐकू जाईन असा." मग तिनं पदरानं गाल पुसले आणि मंदावर खेकसली, "किती थेंब टाकले व तू? थांबूनच नाई राह्यले!"

नलिनी तिच्या पायाशी जाऊन बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि त्या पुढचा अर्धा तास फक्त माझ्याबद्दल बोलल्या. मी समोरच बसलो होतो, पण त्यानं कुणाला फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याला दवाखान्यात फॉर्म माझ्यासमोर आला. 'रुग्णाशी नाते' या जागी मी 'भाऊ' लिहिलं. एवढं मोठं लिहिलं, की सहीला जागा उरली नाही. आत न्यायला अजून वेळ होता. ताई पांघरुणाच्या आत माझं मनगट घट्ट धरून पडली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "परभ्या, ते पाचवं कडवं राह्यलं होतं रे तुहं. म्हण आता. हळू म्हण."

मी घसा साफ केला. तोंड उघडलं. आणि ज्या कडव्यासाठी मी चार वर्षं बहिणीशी बोललो नाही, त्यातला एक शब्द मला आठवेना! पहिलं आठवलं, तिसरं आठवलं, पाचवं साफ गेलेलं. मी तसं सांगितलं. ताईचं पोट हलायला लागलं, मग खांदे. ती इतकी हसली, इतकी हसली, की सिस्टर धावत आली आणि म्हणाली, "आजी, बीपी वाढेल!" तिला त्याच हसत्या तोंडानं आत नेलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. रात्री नलिनी तिच्याजवळ थांबली, सकाळी अमोलही गाडीतून उतरून थेट आला, आणि दहाच्या सुमारास डॉक्टर पट्टी काढायला आले. आम्ही सगळे पलंगाभोवती उभे. पट्टी निघाली. ताईनं हळूहळू डोळा उघडला. आधी खिडकी पाहिली. मग अमोलला पाहिलं, म्हणाली, "बारीक झाला." नलिनीला पाहिलं, म्हणाली, "ही साडी छान दिसते तुले." मग माझ्याकडे वळली.

ती बघतच राहिली. माझं कपाळ पाहिलं, कपाळाच्या वर जे काय उरलंय ते पाहिलं, गाल पाहिले, हनुवटीखाली जे लोंबतं तेही पाहिलं. मला भरून आलं. चार वर्षांनी बहीण डोळे भरून भावाला पाहत होती! मी छाती थोडी पुढे काढून उभा राहिलो.

ताईनं डॉक्टरांची बाही ओढली आणि काळजीच्या सुरात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बाकी सगळं बरोबर दिसून राह्यलं हो. पण हा माहा लहान भाऊ आहे. हा एवढा म्हातारा नव्हता. ते आतलं भिंग एकदा तपासून पाहा न."

डॉक्टरांनी बॅटरी लावून तिचा डोळा पुन्हा नीट तपासला. मग वळून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिच्या हातावर थोपटत म्हणाले,

"भिंग उत्तम आहे, आजी. यांचं मात्र आता काही करता येणार नाही."